पिल्लू किती दिवसांचं आहे? नव्या वराहपालकांसाठी हगवण आणि प्रतिकारशक्ती

पिलांना हगवण लागली की नवखा वराहपालक आधी मेडिकल गाठतो आणि विचारतो, ‘कोणतं इंजेक्शन देऊ?’ जाणता पशुवैद्य त्यालाच उलट विचारतो, ‘पिल्लू किती दिवसांचं आहे?’ या उत्तरावर अर्धं निदान होतं. डुकराच्या पिलाच्या आतड्याचं रक्षण पहिल्या दिवशी चीक करतो, नंतर काही आठवडे आईचं दूध करतं, आणि त्यानंतर पिलाची स्वतःची प्रतिकारशक्ती. एकाची जबाबदारी संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत जी फट राहते, तिथून जिवाणू शिरतात. म्हणून हा लेख औषधांच्या क्रमानं न लिहिता पिलाच्या वयाच्या क्रमानं लिहिला आहे. पुण्याच्या आसपास, शिरूर-दौंडच्या कोरड्या पट्ट्यात असा की मावळ-मुळशीच्या पावसात, क्रम हाच राहतो. बदलतो तो शेडमधला ओलावा आणि गारठा.

पायरी १: मादी गाभण असतानाच

डुकराचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच वारेतून आईची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून रोखणारी रक्तातली प्रथिनं, मिळतात. डुकराच्या वारेची रचना अशी असते की आई आणि पिल्लू यांच्या रक्ताच्या मधे पेशींचे अनेक थर राहतात आणि प्रतिपिंडांसारखा मोठा रेणू पलीकडे जात नाही. त्यामुळे पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. जे मिळायचं ते जन्मानंतर, आणि तोंडावाटे.

म्हणजे पिलाची पहिली लस खरं तर आईला द्यावी लागते. ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स टाइप सी या हगवण लावणाऱ्या जिवाणूंविरुद्धच्या लसी गाभण मादीला देतात. पहिल्यांदा लस घेणाऱ्या मादीला सहसा दोन मात्रा लागतात: एक विण्याच्या पाच-सहा आठवडे आधी, दुसरी दोन-तीन आठवडे आधी. शेवटच्या काही दिवसांत तिच्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत उतरतात, म्हणून ती त्याआधीच रक्तात भरपूर तयार असायला हवीत. पुढच्या वेतांना एक बूस्टर पुरतो. कोणती लस तुमच्याकडे मिळते आणि तिच्या पत्रकावर नेमके दिवस काय दिलेत, हे पशुवैद्याकडून पक्कं करून घ्या.

इथे नवखे लोक हमखास एक सौदा करतात: आठ-दहा दिवसांत विणारी मादी बाजारातून आणायची, म्हणजे खाद्याचा खर्च वाचतो. या मादीच्या चिकात प्रतिपिंडं असतात, पण ती तिच्या जुन्या शेडमधल्या जंतूंविरुद्धची. तुमच्या शेडमधले जंतू तिनं पाहिलेलेच नसतात. नवी मादी आणल्यावर आधी काही आठवडे वेगळी ठेवा, ती निरोगी आहे याची खात्री करा, मग हळूहळू शेडमध्ये रुळू द्या आणि त्यानंतरच तिचं वेत येऊ द्या. पहिलटकरणीच्या पिलांना हगवण जास्त लागते, त्याचंही एक मोठं कारण हेच: तिनं अजून फार जंतू पाहिलेले नसतात.

आजारी पिलांची विष्ठा गाभण माद्यांना चारण्याची एक जुनी रीत आहे. तिच्यामागचं शास्त्र खोटं नाही. मादीच्या आतड्यात जंतूची ओळख पटलेल्या पेशी पुढे कासेत जाऊन बसतात आणि दुधात नेमकी तीच प्रतिपिंडं सोडतात. पण त्या विष्ठेत साल्मोनेला किंवा रक्ती हगवणीचा जंतू असेल, तर तुम्ही स्वतःच्या हातानं तो सगळ्या शेडभर वाटता. माझं मत विचाराल तर नव्या माणसानं हा प्रयोग आपल्या मनानं करूच नये.

विण्याआधी मादीला धुवून, विशेषतः कास आणि मागचा भाग स्वच्छ करून, कोरड्या आणि धुतलेल्या विण्याच्या कप्प्यात न्या. पिल्लू तोंडात पहिलं काय घेतं, सडावरची घाण की चीक, यावर पुढचा आठवडा ठरतो.

पायरी २: पहिले चोवीस तास

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा भाग ठेवा.

नवजात पिलाचं आतडं थोडा वेळ एक विलक्षण गोष्ट करतं: चिकातली प्रतिपिंडं न पचवता, आख्खीच्या आख्खी रक्तात घेतं. पहिल्या काही तासांत हे शोषण सर्वांत जोरात होतं, मग झपाट्यानं मंदावतं आणि २४ ते ३६ तासांत बंद होतं. दुसरीकडे चीकही पातळ होत असतो. पहिलं पिल्लू बाहेर आल्यापासून त्यातली प्रतिपिंडं उतरायला लागतात, आणि चोवीस तासांनी सडातून येतं ते जवळजवळ साधं दूधच असतं. दोन्ही घड्याळं एकाच दिशेनं धावतात. मादीला विण्यास चार-पाच तास लागले आणि पिल्लं बारा-चौदा झाली, तर शेवटच्या पिलाच्या वाट्याला उशीरही येतो आणि पातळ चीकही.

एका पिलाला पहिल्या चोवीस तासांत किमान २०० ग्रॅम, जमल्यास २५० ग्रॅम चीक मिळायला हवा. पिल्लं वाढली म्हणून मादीचा चीक वाढत नाही. आहे तोच जास्त तोंडांत वाटला जातो. म्हणून विताना माणूस हजर हवा. पिल्लू बाहेर आलं की कोरडं पुसा आणि सडाला लावा. जी पोटभर प्यायली त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करा. पहिली सहा-सात दांडगी पिल्लं पिऊन झाली की त्यांना दिव्याखालच्या उबदार खोक्यात तासभर ठेवा आणि बारक्यांना कास मोकळी करून द्या. नंतर अदलाबदल करा. एवढ्या साध्या कामानं जी पिल्लं वाचतात, ती महागड्या इंजेक्शननं वाचत नाहीत.

अशक्त पिल्लू ओढतच नसेल तर मादीच्या पुढच्या सडांतून चीक पिळून, सुईशिवायच्या सिरिंजनं थोडा थोडा करून १०-१५ मिलि द्या. विताना चीक सहज उतरतो. थोडा जास्तीचा काढून फ्रीजरमध्येही ठेवता येतो. वापरताना कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा. उकळलात तर प्रतिपिंडं मोडतात आणि हातात उरतो नुसता खरवस. मादी मेली किंवा चीक आलाच नाही, तर गाईचा ताजा चीक हा दुय्यम पर्याय आहे. तो आतड्यातून शोषला जातो, पण त्यातली प्रतिपिंडं गाईच्या जंतूंविरुद्धची.

एका मादीची पिल्लं दुसरीकडे लावायची असतील तर आधी सख्ख्या आईचा चीक पिऊ द्या, साधारण बारा तास तरी. चिकात प्रतिपिंडांखेरीज आईच्या जिवंत रोगप्रतिकारक पेशीही असतात, आणि पिलाचं आतडं त्या फक्त स्वतःच्या आईच्याच स्वीकारतं. प्रतिपिंडं मात्र कुठल्याही मादीची चालतात.

आता गारठ्याबद्दल. नवजात पिलाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते, तर मादीला १८ ते २२ अंशांत बरं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. गारठलेलं पिल्लू सडापर्यंत जात नाही, गेलं तरी ओढत नाही. मग ते आईला चिकटून झोपतं आणि चिरडलं जातं, किंवा तिसऱ्या दिवशी हगवणीनं जातं. दोन्ही वेळा खरं कारण थंडीच असतं. संपूर्ण शेड गरम करू नका, मादीला त्रास होईल. पिलांसाठी कोपऱ्यात झाकलेलं खोकं, कोरडा भुसा आणि वर दिवा पुरतो.

याच दिवसांत येणारा सर्वांत भयंकर आजार क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स टाइप सीचा: रक्ताळ हगवण, आणि एक-दोन दिवसांत अख्खं वेत खलास. या जंतूचं मुख्य विष ट्रिप्सिन या पाचक रसानं सहज मोडतं. पण चिकात ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो, प्रतिपिंडं पचून जाऊ नयेत म्हणून. जो बंदोबस्त प्रतिपिंडांना वाचवतो तोच या विषालाही वाचवतो. म्हणून पहिल्या आठवड्यातली पिल्लंच याला बळी पडतात, आणि लक्षणं दिसल्यावर उपचाराला वेळ उरत नाही. इथे चिकातली नेमकी प्रतिपिंडं हाच उपाय.

पायरी ३: दूध पिण्याचे आठवडे

चिकात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं जास्त असतात. ती रक्तात जातात. दोन-तीन दिवसांनी दुधात आयजीए प्रकारची प्रतिपिंडं जास्त येतात. ही रक्तात जात नाहीत, आतड्याच्या आतल्या बाजूवर राहतात आणि जंतूला तिथे चिकटू देत नाहीत.

चिकटण्याला इतकं महत्त्व का, हे ई. कोलायवरून कळतं. हगवण लावणाऱ्या ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. एफ४ आणि एफ१८ ही त्यांतली मुख्य नावं. त्यांच्या आधारे जंतू लहान आतड्याच्या पेशीला धरतो आणि विष सोडतो. पेशी फारशी मरत नाही, पण तिचं क्षारांचं गणित उलटं होतं आणि शरीरातलं पाणी आतड्यात ओतलं जातं. म्हणून ही हगवण पाण्यासारखी पातळ, पिवळट, बिनरक्ताची असते आणि पिल्लू मरतं ते पाणी आटून. म्हणून आधी साखर-मिठाचं किंवा ओआरएसचं पाणी, आणि मग बाकी सगळं. साखरेबरोबर मीठ शोषण्याचा आतड्याचा मार्ग या आजारात शाबूत असतो, म्हणूनच हे साधं पाणी काम करतं.

काही डुकरांच्या आतड्यावर एफ४ला धरायला जागाच नसते, आणि हा गुण वंशानं येतो. अशी मादी स्वतः निरोगी राहते, पण तिच्या आतड्यात तो जंतू बस्तान बसवत नाही, म्हणून ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडंही फारशी बनवत नाही. तिच्या पिलांनी बापाकडून ती जागा घेतली तर ती सगळ्यात जास्त धोक्यात येतात. मादी ठणठणीत आणि पिल्लं मात्र दर वेताला हगवणीत, असं दिसलं तर ही शक्यता पशुवैद्याजवळ बोला.

आयजीएचा साठा होत नाही. मादी साधारण तासातासाला पाजते, आणि तेवढ्यानंच आतड्यावरचा तो लेप टिकतो. कासेला सूज आली, ताप आला, दूध आटलं, की काही तासांत सगळं वेत उघडं पडतं. म्हणून पिल्लं हगली की आधी आईची कास हातानं दाबून पाहा: गरम आहे का, कडक आहे का, मादी पोटावर पडून सड लपवते का.

लोहाचं इंजेक्शन दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सहसा २०० मिलिग्रॅम. आईच्या दुधात लोह फार कमी असतं, आणि रक्तक्षय झालेलं पिल्लू कुठल्याच जंतूशी झुंजत नाही.

पायरी ४: दूध तोडताना

दूध तोडलं त्या दिवशी आयजीए बंद, अगदी नळ बंद करावा तसं. पिलाचं स्वतःचं आतडं तेव्हा नुकतं शिकत असतं. लहान आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅच नावाच्या रोगप्रतिकारक पेशींच्या वसाहती असतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातल्या मालाचे नमुने आत ओढतात, जंतूची ओळख पटते आणि मग पिलाच्या स्वतःच्या आयजीए बनवणाऱ्या पेशी तयार होतात. हे सगळं सुरळीत व्हायला जवळपास सहा-सात आठवडे जातात. तीन-चार आठवड्यांत दूध तोडलं तर मधे फट राहते.

त्यात पिल्लू आईपासून तुटतं, अनोळखी पिलांशी भांडतं आणि एखादा दिवस खातच नाही. आतड्याचे अन्न शोषणारे अंकुर आखडतात. दुधातल्या साखरेपासून बनणारं आम्ल संपतं, जठर पुरेसं आंबट राहत नाही आणि जंतू जिवंत खाली उतरतात. तिसऱ्या दिवशी भूक लागून पिल्लू बकाबका खातं, न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात जातात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण.

परदेशी व्हिडिओ पाहून एकविसाव्या दिवशी दूध तोडायची घाई करू नका. तिथल्या शेडचं तापमान, खाद्य आणि स्वच्छता वेगळी. आपल्याकडे सहा ते आठ आठवड्यांची जुनी पद्धत आहे. नव्या माणसानं निदान पाच-सहा आठवड्यांच्या आत येऊ नये. आणखी एवढं करा:

- सातव्या-दहाव्या दिवसापासून पिलांपुढे चिमूटभर ताजं खाद्य ठेवा, रोज बदला.
- दूध तोडताना मादीला हलवा, पिल्लं त्याच जागी राहू द्या. एका वेताची पिल्लं शक्यतो एकत्रच.
- पहिला आठवडा खाद्य थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, प्रथिनं बेतात.
- पाणी पहिल्या तासापासून, आणि त्या टाकीचं झाकण उघडून आत बघा.

पापण्या सुजल्या, पिल्लू झोकांड्या खातंय, आवाज घोगरा झालाय आणि कळपातलं सगळ्यात गुटगुटीत पिल्लूच आधी गेलं, तर तो सूज रोग समजा. एफ१८ तंतूंच्या काही ई. कोलाय जाती रक्तवाहिन्या बिघडवणारं विष सोडतात. एफ१८ला धरण्याची जागा पिलाच्या आतड्यावर वयानुसार तयार होते, म्हणून हा आजार तान्ह्या पिलांत दिसत नाही.

जास्त मात्रेतलं झिंक ऑक्साइड खाद्यात घालून ही हगवण दाबायची पद्धत जगभर चालली. युरोपीय संघानं जून २०२२ पासून औषधी मात्रेतला हा वापर बंद केला, कारण जस्त शेतजमिनीत साचतं आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही वाढतात.

पायरी ५: वाढती डुकरं

इथून पुढे डुकराची स्वतःची प्रतिकारशक्ती काम करते, पण प्रत्येक जंतू तिला वेगळ्या तऱ्हेनं चुकवतो.

साल्मोनेला आतड्याच्या भिंतीतून आत घुसतो. शरीर त्याच्या कवचाचे आणि शेपटीचे घटक ओळखतं, धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. ताप, दाह आणि दुर्गंधीयुक्त हगवण ही बऱ्याच अंशी या लढाईचीच लक्षणं. पण जंतू भक्षक पेशींच्या पोटातच लपतो, जिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. तिथे टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, लागतात. बरं झालेलं डुक्कर महिनोन्‌महिने जंतू बाळगतं आणि ताण आला, उदाहरणार्थ टेम्पोत भरलं, की बाहेर टाकतं. हा माणसांनाही होतो. शेडमधून आल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांना आत सोडू नका.

लॉसोनिया पेशीच्या आतच राहतो. फारसा दाह न होता आतड्याची भिंत जाड होत जाते. डुक्कर खातं पण अंगी लागत नाही. मोठ्या डुकरांत कधी एकदम काळपट रक्ताळ विष्ठा आणि मृत्यू. एकदा आजार होऊन गेलेलं डुक्कर पुन्हा सहसा आजारी पडत नाही. याची तोंडावाटे देण्याची जिवंत लस आहे. ती देण्याआधी तीन दिवस, त्या दिवशी आणि नंतर तीन दिवस त्या जंतूला मारणारं प्रतिजैविक खाद्यात-पाण्यात नको, नाहीतर लसच मरते.

ब्राकीस्पायरा, म्हणजे रक्ती हगवण: शेंबूड आणि रक्त मिसळलेली करडी विष्ठा. प्रतिकारशक्ती येते पण अर्धवट, आणि भरवशाची लस नाही. शेडमध्ये आणायचाच नाही, हाच उपाय. नवी डुकरं वेगळी ठेवा, उंदीर आवरा, विष्ठा साचू देऊ नका.

पुण्या-पिंपरीच्या हॉटेलांचं खरकटं स्वस्त पडतं, हे खरं. पण मांसाचा अंश असलेलं काहीही नको, आणि बाकीचं ढवळत अर्धा तास उकळूनच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार भारतात २०२० साली आसाम-अरुणाचलात आढळला, आणि खरकट्यातलं डुकराचं मांस हा तो पसरण्याचा एक ओळखीचा मार्ग आहे. जोराचा ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे डाग आणि सगळ्या वयांची डुकरं पटापट मरणं दिसलं, तर ती साधी हगवण समजू नका. क्लासिकल स्वाइन फीव्हरही असाच दिसतो. डुकरं हलवू नका, विकू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावरही मदत मिळते.

पायरी ६: तपासणी

नमुना नुकत्याच आजारी पडलेल्या, औषध न दिलेल्या पिलाचा घ्या. दोन दिवस इंजेक्शनं देऊन मग नमुना पाठवला तर प्रयोगशाळेत काही उगवत नाही. मेलेलं पिल्लू पाठवायचं असेल तर ताबडतोब, बर्फात. आतडं काही तासांत सडतं आणि मग निदान होत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळाही तिथेच. आधी जवळच्या पशुवैद्यकाची चिठ्ठी घ्या आणि नमुना कशात, किती गार पाठवायचा ते विचारा. साताऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल.

नमुन्यासोबत पिलाचं वय, कितव्या वेताची मादी, दूध तोडलं का आणि लसीच्या तारखा लिहून द्या. घरच्या घरी पीएच पट्टीही लावून बघा: ई. कोलायची पाणचट हगवण बहुधा अल्कधर्मी असते, तर विषाणूनं अंकुर झडून लागलेली हगवण आम्लाकडे झुकते. हा केवळ इशारा आहे, निदान नाही.

रक्ताचा अहवाल वाचताना सांभाळा. सहा आठवड्यांच्या पिलाच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे त्याला आजार झाला असं नाही. ती आईचीही असू शकतात. हीच प्रतिपिंडं पिलाला फार लवकर दिलेली लस निकामी करतात. म्हणून पिलांच्या लसीचं वय आईला लस होती की नाही यावरून ठरतं.

प्रतिजैविकांबद्दल थोडं

आठवडाभर आधीपासून ‘खबरदारी म्हणून’ पाण्यात औषध घालणाऱ्यांच्या डुकरांना जंतूची ओळखच होत नाही. औषध बंद केलं की तीच डुकरं कोरी, जशी पहिल्या दिवशी होती. औषध अहवालाप्रमाणे, वजनाप्रमाणे आणि पूर्ण दिवस. कोलिस्टिन हे जुनं हगवणीचं औषध भारतात २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंद आहे, कारण ते माणसांच्या अत्यवस्थ आजारांसाठी राखून ठेवायचं औषध आहे. कुणी जुनी पुडी पुढे केली तर घेऊ नका. आणि बाटलीवर लिहिलेले कत्तलीआधीचे औषधबंदीचे दिवस संपल्याशिवाय डुक्कर विक्रीला काढू नका. शेवटच्या इंजेक्शनची तारीख शेडच्या दारावरच खडूनं लिहून ठेवा.